बोटभर टाच

व्यंकटच्या हाताला गुण होता. मेंढराचा, शेळीचा, फार तर वासराचा पाय मोडला की माणसं जनावरांच्या डॉक्टरकडं न जाता आधी त्याच्या वाडीवर यायची. लोहाऱ्याहून जीपनं अर्धा तास आणि पुढं मैलभर पायी, तरी यायची. व्यंकट बांबूच्या कामट्या तासायचा, मोडल्या पायाला लोकर गुंडाळायचा, वरून कामट्या लावून धोतराच्या चिंधीनं आवळायचा आणि शेवटी अशी गाठ मारायचा की जनावर चिखलात लोळलं तरी एकवीस दिवस ती हलायची नाही. बाविसाव्या दिवशी शेळी बांधावरून उड्या मारायची आणि व्यंकट मिशीतल्या मिशीत हसायचा. जखमेत किडे पडलेलं मेंढरू असलं तरी तो उघड्या बोटांनी एकेक किडा वेचून काढी. त्याला कधी किळस आली नाही.

असा हा गुणाचा हात. पण स्वतःच्या नातीच्या पायाला तो एकदाही लागला नव्हता.

नात वर्षाराणी, नऊ वर्षांची. घरात तिला राणी म्हणत. तिचा डावा पाय बरा होता, उजवा मात्र चवड्यावर टेकायचा, टाच अधांतरी. व्यंकटचा मुलगा भागवत एचआयव्हीनं गेला. त्याच्या मागोमाग सून दैवशाला खंगली. राणी तेव्हा अंगावर पीत होती. सुनेची खाट व्यंकटनं मेंढरांच्या वाडग्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात टाकली होती आणि तिचा जर्मनचा तांब्या वेगळा केला होता. पाणी द्यायचं तर तो उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि दोन पावलं मागं सरकायचा. सून म्हणायची, "मामा, माझं काय बी होऊ द्या, पण पोरीची तपासणी करून घ्या." व्यंकट व्हय म्हणायचा. सून गेली. तपासणी केली तर वाडीभर होईल, खतासाठी मेंढरं कुणी रानात बसवून घेणार नाही, या भीतीनं त्यानं दोन वर्षं घालवली. त्या दोन वर्षांत आजारानं पोरीच्या मेंदूला धरलं आणि पायाच्या शिरा आखडल्या. शेवटी तपासणी झाली, तिलाही तोच आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पोर वाचली, बाळसं धरलं, शाळेत जाऊ लागली. पाय तेवढा तसाच राहिला. ती दोन वर्षं कुणामुळं गेली, हे घरात कुणी बोलत नव्हतं. बोलायची गरज नव्हती, पोर अंगणातून चालत गेली की दिसायचंच.

लोहाऱ्यात एका संस्थेचं केंद्र होतं. तिथं पंधरा दिवसांनी बुधवारी पौर्णिमा मॅडम यायच्या, फिजिओथेरपीवाल्या. मूळच्या तेर गावच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी राणीच्या आजीला, तारामतीला, व्यायाम शिकवला होता. पोरीचा गुडघा सरळ ठेवायचा, टाच तळहातात धरायची, तळपाय आपल्या मनगटाला टेकवून चवडा हळूहळू पोरीकडं दाबायचा आणि तीस मोजायचे. असं दहादा, सकाळ-संध्याकाळ. रात्री प्लास्टिकचा बूट. तारामतीनं दीड वर्ष एक दिवस चुकवला नाही. चार बोटं वर असलेली टाच बोटभरावर आली.

"दिवाळीनंतर बघू," मॅडम म्हणाल्या होत्या. "टेकली तर टेकली. नाही तर सोलापूरला नेऊन शीर लांब करायचं ऑपरेशन करावं लागेल."

राणीला ऑपरेशनचं काही वाटत नव्हतं, तिचा जीव कोकरांत होता. मेंढरं रानात गेली की मागं राहिलेली कोकरं तीच सांभाळायची, पण अंगणातल्या अंगणात. "टाच टेकली की कोकरं म्या एकटी ओढ्यापस्तोर नेणार," असं तिनं सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं.

सोयाबीन निघालं आणि नेमका दोन दिवस पाऊस लागला. भुसकटाचं ओझं घेऊन येताना तारामती बांधावर घसरली, ती हातावरच पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. लातूरची लेक येऊन तिला घेऊन गेली, तिथं हातात तार घातली आणि डॉक्टरनं पंधरा दिवस हलायचं नाही म्हणून सांगितलं. जीपमध्ये बसताना तारामती दुखणं विसरून नवऱ्याला बजावत होती.

"गोळ्या ती घड्याळ बघून आपल्या आपण घेती. भाकऱ्या शेजारची लक्ष्मीबाई टाकून देईल. पायाचं तेवढं तुमी करायचं. दोन्ही टायमाला. ऐकू आलं का?"

"आलं की. बहिरा हाय का मी?"

"बहिरं न्हाय. तुमचं सोंग मला ठावं हाय."

जीप गेली. व्यंकटनं राणीकडं बघितलं, राणीनं व्यंकटकडं.

संध्याकाळी पोर शहाण्यासारखी घोंगडीवर पाय पसरून बसली. व्यंकट समोर बसला. खांद्यावरचं फडकं काढून त्यानं हाताला गुंडाळलं आणि त्या हातानं टाच धरली. फडक्यातून पाय निसटायचा. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. राणीला हसू आलं.

"आबा, आजी फडकं न्हाय घेत."

"माझे हात खरबरीत हायेत. तुला टोचतील."

राणीनं त्याच्या हातांकडं बघितलं. खरबरीत होतेच. याच हातांनी सकाळी जन्मलेल्या कोकराच्या नाकातोंडातला चिकटा पुसताना तिनं त्याला पाहिलं होतं. कसेबसे तीस मोजून झाले. मग व्यंकट उठला, रांजणाजवळ गेला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. धुताना तो पाठमोरा होता, एवढीच काय ती लाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकट यायच्या आत पोर घोंगडीवर बसलेली होती. फडकं तिनं स्वतःच आणून, घडी घालून शेजारी ठेवलं होतं.

डॉक्टरांनी त्याला कितीदा सांगितलं होतं, शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. व्यंकटच्या कानांना ते पटलं होतं, हातांना पटत नव्हतं. सून मेली त्या आठवड्यातली भीती हातांत बसली होती ती निघतच नव्हती. आणि आता त्या फडक्याची नीट घडी बघून त्याला पोरीसमोर बसवेना.

तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सुचली. कारणही आयतं होतं. सोयाबीन निघालं की हरभरा पेरायच्या आत आठ-दहा दिवसच रानं मोकळी असतात. त्या दिवसांत मेंढरं लांबवर न्यायची, पोटभर चारायची. पाय धरून बसायला वेळ कुणाला? आणि प्लास्टिकचा तो ढिला बूट काय शीर ताणणार? पाच गावची जनावरं ज्यानं सरळ केली त्याला घरचा एक पाय सरळ करता येऊ नये?

त्यानं बांबू फोडला. कामट्या मन लावून तासल्या, कुठं कुसळ राहू दिलं नाही. तळपायाखाली सागाची फळी, पोटरीला लोकर, वरून कामट्या आणि चवड्याच्या बाजूनं लाकडाची पाचर. रोज पाचर ठोकली की फळी आतल्या अंगाला सरकणार आणि टाच खाली येणार. बांधताना सगळा वेळ हात चिंधीवर आणि लाकडावर होता. कातड्याला कातडं लागलं नाही.

"दुखतंय का गं?"

"न्हाय."

"दुखलं तर सांग."

"न्हाय दुखत. आबा, ह्यानं टाच टेकंल?"

"टेकंल म्हंजे? बांधावर उड्या मारशील."

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. राणी कुडाला टेकून दिवसभर कोकरांमध्ये बसून राहायची. व्यंकट सकाळी बांधून जायचा, दिवस मावळताना येऊन सोडायचा. लक्ष्मीबाई भाकरी द्यायला आली की लांबूनच बघायची.

"व्यंकटराव, पोरगी हाय ती, शेळीचं करडू न्हाय."

"तुमचं रेडकू लंगडत होतं तवा कुणी बांधलं होतं?" व्यंकट म्हणायचा आणि लक्ष्मीबाईचं तोंड बंद व्हायचं. रेडकू खरंच बरं झालं होतं.

रोज संध्याकाळी लातूरहून फोन यायचा.

"व्यायाम करताव का?"

"करतो की."

"राणीला द्या." मग तारामती नातीला विचारायची, "आबा पाय धरतेत का गं?"

राणी आजोबाकडं बघायची. "धरतेत."

"किती मोजतेत?"

"तीस."

फोन ठेवल्यावर व्यंकटला वाटायचं, पोरगी काहीतरी बोलेल. ती कोकराच्या कानाशी खेळत बसायची. खोटं बोलायला आपण शिकवलंही नाही आणि ही शिकली, असं त्याच्या मनात यायचं. मग तो विडी पेटवून वाडग्याकडं निघून जायचा.

दिवाळीत राणीनं शाळेचे पांढरे मोजे घातले ते काढायलाच तयार होईना. "थंडी वाजती," म्हणाली. आंघोळीला पायावर पाणी घेईना. व्यंकटनं मोज्यावरून बांधलं. पाचर थोडी थोडी आत जात होती आणि फळी सरकत होती, ते त्याला दिसत होतं. मोज्याच्या टाचेवर पिवळट डाग होता तोही दिसला होता. कोकराचं दूध सांडलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जनावरांच्या जखमा धुण्यात जन्म गेलेला माणूस तो, जखमेचा वास त्याला कळत नव्हता असं कोण म्हणेल?

बुधवार उजाडला. लोहाऱ्याच्या जीपमध्ये पोरीला घोंगडीत गुंडाळून बसवलं. समोरच्या माणसानं विचारलं, "पोलिओ का?"

"व्हय," व्यंकट म्हणाला. सात वर्षं तो हेच सांगत आला होता.

केंद्रात पौर्णिमा मॅडमनी राणीला गादीवर बसवलं आणि मोजा काढायला गेल्या. मोजा निघेना. कोमट पाणी ओतून भिजवला, तेव्हा निघाला. टाचेवर रुपयाएवढी जखम होती, काळपट कडांची, आत ओली. घोट्याच्या वर चिंधीचे वळ आणि पोटरीच्या मागं गाठीचा खोल खड्डा. मॅडमनी हातमोजे चढवले, जखम धुतली, पट्टी बांधली. पोर छताकडं बघत होती. मग मॅडमनी टाचेखाली बोटं धरून मोजलं. तीन बोटं.

"दुखलं की शीर जास्त आखडते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण आतून तापलेला होता. "कुणी बांधलं हे?"

व्यंकट दाराशी उभा होता. त्यानं तोंड उघडलं.

"म्या बांधलं," राणी म्हणाली.

"तू?"

"खेळत होते. म्या शेळी झाले होते. शेळीचा पाय मोडला म्हणून म्या बांधला."

"किती दिवस खेळत होतीस?"

"लई दिवस."

"असला खेळ खेळतात का राणी? दीड वर्ष आजीनं केलेलं सगळं घालवलंस बघ. आता जखम भरेपर्यंत व्यायाम बंद. पाय टेकायचा नाही. ऑपरेशन करावं लागलं तर रडायचं नाही मग."

"न्हाय रडणार."

पोरीनं सगळा राग मान खाली घालून ऐकून घेतला. आणि व्यंकट, ज्याच्या शब्दावर वाडीतले तंटे मिटायचे तो व्यंकट, दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत उभा राहिला.

नातीला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेऊन तो जीपच्या थांब्यावर आला. ऊन कडक होतं. जीप भरत आली होती, ड्रायव्हर एका जागेसाठी ओरडत होता. तेवढ्यात राणीनं त्याच्या कानाला तोंड लावलं.

"आबा, भिऊ नका. म्या मॅडमला सांगितलं न्हाय. आजीला बी सांगणार न्हाय."

व्यंकट जागीच थांबला. ज्या माणसानं भीतीपायी हिच्या आईला पत्र्याखाली टाकलं, हिची दोन वर्षं घालवली, त्याला ही नऊ वर्षांची पोर भिऊ नका म्हणत होती.

"चला म्हातारबा, बसा!" ड्रायव्हर ओरडला.

"जा तू," म्हणत व्यंकट माघारी वळला.

मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. व्यंकटनं पोरीला गादीवर ठेवलं आणि पागोटं काढून हातात धरलं.

"मॅडम, म्या बांधलं. पाचर ठोकून. बारा दिवस."

"माहीत आहे मला."

"आं?"

"एवढा खड्डा पाडणारी गाठ लहान पोरीच्या हातची नाही, बाबा. आमच्या घरी पण शेळ्या होत्या." त्यांनी डबा बाजूला सारला. "मी वाट बघत होते, तुम्ही बोलताय का. जीपपर्यंत गेलात तेव्हा म्हटलं, आता काही येत नाहीत."

"मला काय बी बोला. पोरीला बोलू नका."

"तिला बोलले ते चुकलंच माझं. पण बांधलंत कशाला? आजी हातानं करत होत्या ते बघितलं होतं ना तुम्ही?"

उत्तर राणीच्या पिशवीत होतं. मॅडमनी पट्ट्यांचं पुडकं ठेवायला पिशवी उघडली, तर वरच घडी केलेलं फडकं.

"हे कशाला गं?"

"आबांच्या हाताला," राणी म्हणाली. "पाय धरायचा असंल तर."

मॅडमनी फडक्यावरून नजर उचलून व्यंकटकडं बघितलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जखम भरायला तीन आठवडे लागतील. कातडं धड झालं की व्यायाम सुरू करा. आजीचा हात अजून चालणार नाही. तुम्हालाच करावा लागेल, बाबा."

तारामती परत आली. तिला त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. तिनं प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ऐकलं. "जनावराला लावला तेवढा तरी हात लावायचा हुता," एवढंच म्हणाली आणि मग आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. जखमेची पट्टी तीच एका हातानं बदलायची, हातमोजा दातांनी ओढून चढवायची. व्यंकट शेजारी बसून पट्टी कापून द्यायचा. कामट्या त्यानं चुलीत घातल्या. चांगला वाळलेला बांबू होता, भुरुभुरु जळला. पुढं एक जण शेळी घेऊन आला तर व्यंकटनं त्याला लोहाऱ्याच्या डॉक्टरचा रस्ता दाखवला.

चौथ्या आठवड्यात टाचेवर नवं, गुलाबी कातडं आलं. मॅडमनी बघितलं आणि सुरू करा म्हणाल्या.

सकाळी राणी घोंगडीवर बसली. फडकं शेजारी होतंच. व्यंकटनं ते उचलून लांब फेकलं आणि उघडे हात पुढं केले. राणीनं झटक्यात पाय पोटाशी ओढला.

"फडकं घ्या आबा."

"न्हाय घेत."

"घ्या की. तुमाला हुईल."

"कुणी सांगितलं हुईल म्हणून?"

"कुणी न्हाय." ती खाली बघत म्हणाली. "तुमी हात धुता न्हवं का? तुमाला झालं तर मेंढरं कोण बघंल?"

चुलीपुढं बसलेल्या तारामतीनं मान वळवली आणि पुन्हा चुलीकडं फिरवली. हे त्यानं शिकवलं नव्हतं आणि शिकवलंही होतं, रोज, रांजणाजवळ पाठमोरा उभा राहून.

"पाय दे," तो म्हणाला. "दे बाय माझे."

तिनं पाय दिला तो जड मनानं. टाच त्याच्या तळहातात मावली. ऊबदार होती. कोकराच्या पायासारखीच, तितकीच हलकी. त्यानं गुडघा सरळ धरला, तळपाय मनगटाला टेकवला आणि हळूच दाबला. राणी मोजू लागली. तिचं लक्ष पायाकडं नव्हतं, त्याच्या बोटांकडं होतं. दहा वेळा तीस झाले. मग ती लंगडत उठली आणि आपल्या वेगळ्या ठेवलेल्या जर्मनच्या तांब्यात पाणी आणि साबणाची वडी घेऊन आली.

"हात."

"आज न्हाय धुयाचे."

"मग भाकरी?"

"अशीच खातो."

त्यानं परातीतली भाकरी त्याच हातानं मोडली, चटणीला लावली आणि खाल्ली. मग तिच्याच तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्याला. राणी समोर उभी राहून एकेक घास मोजल्यासारखी बघत होती. तिचा चेहरा आनंदाचा नव्हता, भेदरलेला होता. त्या दिवशी तिनं कोकरं सोडली नाहीत. दुपारी व्यंकट मेंढरं घेऊन परतला, तर ती बांधाच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिला काय वाटतंय हे त्याला कळत होतं, तरी तिच्यासमोर तो सगळी भाकरी संपवायचा.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताना त्याला जाग आली ती कपाळावर काहीतरी गार लागल्यानं. राणीचा हात होता. तिनं आधी तळहात लावून बघितला, मग पालथा. आजी तिला ताप आल्यावर बघायची तसा. व्यंकट डोळे मिटून निपचित पडून राहिला.

"आजी," राणी दारात जाऊन म्हणाली, "ताप न्हाय आबाला."

मग तिनं घोंगडी ओढली, त्याच्या अंथरुणाशेजारी पसरली आणि पाय आपण होऊन त्याच्याकडं सरकवला.

"उठा, धरा," ती म्हणाली. "कोकरं न्यायची हायेत मला."

त्यानं धरला. तीस मोजून झाले, दहादा झाले. ती उभी राहिली तेव्हा त्यानं खाली वाकून टाचेखाली बोटं घालून बघितली. तीन बोटं सहज जात होती.